ठिगळाची गोणी

त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळं शहर त्यांना 'थांबाकाका' म्हणायचं, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडानं कमावलं होतं. वर्तमानपत्राचे फोटो काढण्यात उभा जन्म गेला, आणि त्या जन्मात त्यांनी सर्वांत जास्त वेळा म्हटलेलं वाक्य म्हणजे "थांबा, अजून एक." पुलाचं उद्घाटन असो, शाळेचं बक्षीस असो नाहीतर पकडलेला खिसेकापू असो, सगळं उरकलं की हे हात वर करून म्हणणार, "थांबा, अजून एक." मग मंत्रीसुद्धा कापलेल्या फितीची टोकं चिमटीत जुळवून ती पुन्हा कापल्यासारखं करायचे. एका खिसेकापूनं तर त्यांच्यासाठी शरमेनं मान खाली घातली, फ्लॅश उडाला नाही म्हणून वर केली आणि पुन्हा शरमेनं खाली घातली.

बुटका बांधा, बॅगेच्या ओझ्यानं एका बाजूला उतरलेला खांदा, गळ्यात दोरीला अडकवलेला आणि तरीही रोज हरवणारा चष्मा. लग्न केलं नव्हतं. ऑफिसातली पोरं म्हणायची, "काका मुलीलाही थांबा म्हणाले असतील, ती काही थांबली नाही." काका हसायचे. खरं कारण वेगळं होतं. धाकट्या बहिणीचा नवरा अकाली गेला, ती कडेवर मूल घेऊन दादाच्या दोन खोल्यांत आली आणि त्या खोल्यांत आणखी कुणाला जागा राहिली नाही. खाली सायकलींचं दुकान, वर हे तिघं. बहीण कपडे अल्टर करून द्यायची. खिडकीशी तिचं शिलाई मशीन, भिंतीला काकांची पुस्तकांऐवजी जुन्या पेपरांची रास, आणि दोन्हींच्या मध्ये भाचा वाढला.

भाचा वाढला आणि बिघडला. हे सांगताना आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही, कारण बहिणीनंच तो कधी ठेवला नाही. कॉलेजात असताना पावडरीच्या नादी लागला. घरातली घड्याळं गेली, बहिणीची कात्री गेली, मग काकांची एक लेन्स गेली. काकांनी ती जुन्या बाजारात शोधून परत आणली, कपाटात जागेवर ठेवली आणि पोराला चकार शब्द बोलले नाहीत. त्या न बोलण्यानंच आपण हललो, असं पोरगा पुढं सांगायचा. व्यसनमुक्ती केंद्रात दोनदा जाऊन पळून आला, तिसऱ्यांदा टिकला. बाहेर आल्यावर फ्रीज दुरुस्त करायला शिकला. रोज संध्याकाळी हाताला गॅसचा आणि तेलाचा वास घेऊन घरी यायचा, आणि त्याची आई दारातच त्याचे डोळे निरखून मग बाजूला व्हायची. तिची ती सवय काही गेली नाही. पण पोरगा सुटला होता, एवढं खरं.

काकांच्या कामात एक फोटो वर्षाला ठरलेला असे. वर्षभरात पकडलेली पावडर, गोळ्या, इंजेक्शनं, सगळं एके दिवशी गावाबाहेरच्या चुन्याच्या भट्टीत जाळून टाकायचं, असा सरकारी नियम. त्यासाठी अधिकाऱ्यांची समिती. तिचं नाव नाश समिती. हे नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी अजिबात नसावी किंवा फारच असावी.

त्या दिवशी भट्टीच्या तोंडाशी गोण्यांची थप्पी लागायची. समितीचे लोक तोंडावर पांढरे मास्क लावून, फोटोपुरते ते हनुवटीवर ओढून, गोण्यांना हात लावून उभे राहायचे. फोटो व्हायचा, मग सावलीत चहा, मग पत्रकार आपापल्या गाड्यांना किक मारून परत. आग कधी लागली हे कुणी पाहिलेलं नसायचं. हा शिरस्ता पाडला होता तो काकांनीच. कधीतरी पहिल्या वर्षांत ते म्हणाले होते, "साहेब, धूर व्हायच्या आत उरकून घेऊ. धुरात तुमचे चेहरे दिसायचे नाहीत." आपला चेहरा दिसणार नाही म्हटल्यावर कुठलाही साहेब ऐकतो. शिवाय छपाईचं पान लागायच्या आत फोटो ऑफिसात पोचवायचा असायचा, आणि धुरानं काकांचे डोळे चुरचुरायचे. सगळ्यांचीच सोय झाली. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर फोटोखालची ओळसुद्धा तयार असायची, 'जप्त केलेले अमली पदार्थ जाळून नष्ट करताना नाश समितीचे सदस्य.' दरवर्षी तीच ओळ, तोच टाईप. फोटोत कुठंही काहीही जळताना दिसत नाही, हे त्या डेस्कवरच्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. काकांच्याही नाही.

ध्यानात आलं ते बहिणीच्या, तेही सफाई करताना. स्वयंपाकाच्या फळ्यांवरचे जुने पेपर काढून ती नवे अंथरत होती. एका हातात गेल्या वर्षीचा पेपर, तेलाचे डाग पडलेला. दुसऱ्या हातात यंदाचा, कोरा. स्टुलावर उभ्या उभ्या ती थबकली.

"दादा, ही गोणी मागच्या वर्षी जाळलीत ना रे?"

"कुठली?"

"ही, पुढची. चौकड्याचं ठिगळ लावलेली."

"जाळली असेल की. सगळ्याच जाळतात."

"मग यंदा परत कुठून आली?"

काका दाढी करत होते. गालाला फेस तसाच ठेवून आले. म्हणाले, "अगं, गोणीसारखी गोणी असते."

"गोणीसारखी गोणी असेल. पण ठिगळाकडे बघ ना. कापड कमी पडलं म्हणून कोपऱ्यात अजून एक चिंधी जोडलीये, तीही तिरकी. इतका आळस दोन वेगळ्या माणसांना एकसारखा कसा सुचेल?" आणि ती हसायला लागली. दुसऱ्याची शिलाई वाईट निघाली की तिला मनापासून आनंद व्हायचा.

भाचा चहाचा कप घेऊन मागं येऊन उभा राहिला होता. तो हसला नाही. म्हणाला, "मामा, मी घ्यायचो तेव्हा पुड्यांवर कधी कधी लाल लाखेचे तुकडे चिकटलेले असायचे. सीलची लाख असते ना, तशी. विकणारा म्हणायचा, सरकारी शिक्क्याचा माल आहे, भेसळ नाही. आम्हाला वाटायचं थापा मारतोय."

काकांनी फेस पुसला आणि ऑफिस गाठलं. आपले जुने फोटो उघडले. त्याच्या आदल्या वर्षीही ठिगळाची गोणी तिथंच होती, फक्त उलटी ठेवलेली. त्याच्याही आदल्या वर्षी होती. एका वर्षी तर त्यांनी स्वतःच ती पुढं ओढून घेतली होती, कारण त्या चौकड्यांमुळे फोटोला जरा उठाव येत होता. काका खुर्चीत बसून राहिले. राग यायला हवा होता, पण त्यांना आली ती लाज. इतकी वर्षं आपण कशाचे फोटो काढले, आणि त्यातलीच किती पावडर फिरून आपल्याच घरात, आपल्याच पोराच्या नाकात गेली, हा विचार त्यांना बसू देईना आणि उठूही देईना.

ऑफिसात गुन्ह्यांच्या बातम्या करणारी एक मुलगी होती. तिला सगळे 'चिमटा' म्हणायचे, कारण समोरचा बोलेपर्यंत ती सोडायची नाही. काकांनी तिला बोलावून फोटो ओळीनं दाखवले. ती कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काका, हे तुम्ही आणखी कुणाला दाखवलं?"

"माझ्या बहिणीनं मला दाखवलं."

"आता कुणाला दाखवू नका."

पुढचे काही महिने चिमटा भट्टीच्या मागं लागली. भट्टीवरच्या कामगारांना जाळण्याच्या दिवशी नेहमी सुट्टी देतात, हे तिनं काढलं. पत्रकार गेले की मागच्या फाटकानं एक बंद गाडी आत येते आणि आत लपवलेला खरा माल भरून बाहेर जाते, हे भट्टीमागंच राहणाऱ्या दोघा कामगारांनी सांगितलं. गोण्यांत फोटोपुरता चुन्याचा चुरा असतो, आणि त्याच गोण्या झटकून पुढच्या वर्षीसाठी शेडमध्ये ठेवतात, हेही सांगितलं. भट्टीचा मालक नाश समितीच्या अध्यक्षाचा मेहुणा निघाला. खरी पावडर परत त्याच टोळीकडे जात होती जिच्याकडून पकडली होती, आणि अधूनमधून तीच पुन्हा पकडून बहादुरीचे फोटोही निघत होते. तेही काकांनीच काढलेले. भाच्यानं लाखेची गोष्ट सांगितली. बातमीत त्याचा उल्लेख 'व्यसनातून बाहेर पडलेला एक तरुण' एवढाच केला. एवढ्यानं तो लपला, अशी या भल्या लोकांची समजूत होती.

बातमी पहिल्या पानावर आली. दोन वर्षांचे दोन फोटो शेजारी शेजारी, ठिगळाभोवती लाल गोल. शहरभर हसू झालं. चहाच्या टपऱ्यांवर लोक एकमेकांना विचारायचे, "काय, जळून परत आलात?" संपादक छाती काढून फिरत होते. सरकारनं चौकशी लावली, आणि खात्यानं शांतपणे खुलासा केला की, फोटो दोन वर्षांचे नाहीतच. पेपरवाल्यांनी एकाच वर्षीचे दोन फोटो निष्काळजीपणे दोन वर्षी छापले. आणि यातली गोम अशी की, हे अगदीच अशक्य नव्हतं. फोटो वेळेवर मिळाला नाही की जुना उचलून लावायची खोड या पेपराला होती, हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. कॅमेऱ्यातली तारीख काय, बदलता येते. आता दोन्ही फोटो वेगवेगळ्या वर्षी, तिथं उभं राहून मी काढले, असं शपथेवर सांगणारा माणूस एकच होता.

त्या माणसाच्या घरी एका रविवारी सकाळी अध्यक्षसाहेब स्वतः आले. साध्या कपड्यांत, एकटे. जिना चढून दम लागला म्हणून पाणी मागितलं. भाच्याच्या पलंगावर बसले, खोलीभर नजर फिरवली.

"फ्रीजचा आवाज येत नाही तुमच्या. बरोबर आहे म्हणा, मेकॅनिक घरातच."

भाचा कामावर गेला होता. बहीण मशीनपाशी बसून होती, पाय पायट्यावर तसाच.

"पोरगा सुधारला म्हणे. ऐकून फार बरं वाटलं," साहेब म्हणाले. "आमच्या खात्यात बघतो ना आम्ही, अशी सुधारलेली पोरं एखाद दिवशी परत सापडतात. आईबापांकडे बघवत नाही हो."

"साहेब, कामाचं बोला."

"काम काय असणार! तुमचं वय झालंय काका. कुठला फोटो कुठल्या वर्षीचा, माणसाला नेमकं आठवत नाही. त्यात चूक काहीच नाही. तेवढंच सांगा." उठताना त्यांनी बहिणीला नमस्कार केला आणि पेला स्वतः उचलून मोरीपाशी नेऊन ठेवला. इतका सभ्य माणूस.

संध्याकाळी तिघं बोलायला बसली. बहीण म्हणाली, "जाऊ नकोस दादा. नुसतं 'आठवत नाही' म्हणायचंय. रोज चष्मा विसरतोस, एक दिवस हेही विसर."

"मी गप्प बसलो तर ती पोरगी तोंडावर पडेल. तिनं माझ्या भरवशावर छापलंय."

"पडू दे. ती उठेल. माझा एकदा पडला तेव्हा उठायला किती वर्षं लागली, तू पाहिलंयस."

भाचा भिंतीला टेकून नखातलं काळं काढत होता. म्हणाला, "आई, मला विचार की कुणीतरी."

"तुला काय विचारायचं?"

"मामानं जावं. केंद्रात माझ्या शेजारच्या पलंगावर होता ना, तो गेला. तो काय माझ्यापेक्षा वाईट होता? जा मामा तू."

"तो लहान आहे, त्याला काय कळतंय!" बहीण काकांकडे वळली. "मोठा तू आहेस. उद्या काही झालं तर मी त्याला नाही, तुला विचारीन. आधीच सांगून ठेवते."

काका गेले. इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा न विसरता गेले.

चौकशीच्या खोलीत एसीचं पाणी ठिबकत होतं आणि त्याखाली कुणीतरी प्लास्टिकची बादली ठेवली होती. चौकशी अधिकारी सतत खोकत होते. काकांनी शपथ घेतली आणि सांगितलं की फोटो दोन, वर्षं दोन, गोणी एक. कुठल्या वर्षी कोण कुठं उभं होतं तेही सांगितलं. चिमटा मागच्या बाकावर बसली होती, तिचा चेहरा उजळला. मग नाश समितीचा वकील उठला. त्यानं फोटोबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पेपरचं कात्रण पुढं केलं.

"खालची ओळ वाचा काका."

"जप्त केलेले अमली पदार्थ जाळून नष्ट करताना नाश समितीचे सदस्य."

"तुमच्याच पेपरनं छापलंय?"

"हो."

"दरवर्षी हेच छापलंय?"

"हो."

"खोटं छापलंय?"

काकांनी मागं पाहिलं. संपादक होते, त्यांच्या शेजारी मालक होते. दोघंही बादलीकडे बघत होते.

"मी फोटो काढतो. ती ओळ डेस्कवर लिहितात," काका म्हणाले.

"बरं. गोण्या जाळल्या नाहीत, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?"

"आम्ही आधीच निघायचो."

"एकाही वर्षी आग लागेपर्यंत थांबला नाहीत?"

"नाही."

"शहर तुम्हाला थांबाकाका म्हणतं, आणि तुम्ही एकदाही थांबला नाहीत. कारण काय?"

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाले, "धूर होतो म्हणून."

खोली हसली. खोकता खोकता चौकशी अधिकारीही हसले. वकिलानं मान लववली आणि खाली बसला. समितीनं पावडर जाळली, याचा सगळ्या दप्तरात एवढा एकच पुरावा होता, पेपरातली ती ओळ, आणि तो काकांच्या फोटोखाली दरवर्षी काकांच्याच पेपरनं छापून दिलेला होता. चोरानं पावती मागावी आणि आपण घडी करून हातात द्यावी, असली ही चूक. ती करायला माणूस पत्रकारच असावा लागतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रीजच्या वर्कशॉपवर धाड पडली. भाचा ज्या फ्रीजवर काम करत होता त्याच्या कॉम्प्रेसरमागं एक पुडी सापडली, चांगली मुठीएवढी. सापडायला त्यांना शोधावं लागलं नाही, सरळ हात घातला. भाच्यानं ना आरडाओरडा केला ना हातपाय झाडले. हात पुसायला फडकं मागितलं, ते मिळालं नाही, तेव्हा तसाच तेलकट हातांनी गाडीत बसला. फोटो काढायला दुसऱ्या पेपरचे दोघं आधीच येऊन उभे होते.

अशा खटल्यांची भिजत घोंगडी वर्षानुवर्षं पडून असतात, पण या खटल्याला घाई होती. पूर्वीचा व्यसनी, केंद्रातून दोनदा पळालेला, आता विकायला लागला, ही गोष्ट कुणालाही पटण्यासारखीच होती. भाच्याचा वकील सांगत होता की पुडीच्या प्लास्टिकला जुन्या लाखेचा तुकडा चिकटलाय, म्हणजे ती आधी कधीतरी सीलबंद होती, ती तपासा. न्यायाधीश म्हणाले, वेळ काढायचं निमित्त आहे. शिक्षा झाली. सुटून येईल तेव्हा त्याचे केस पांढरे व्हायला लागलेले असतील, इतकी. वकील म्हणाला, "अपिलात बघू. आपली सगळी भिस्त त्या पुडीवर आहे."

बहिणीनं आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे काकांना विचारायला हवं होतं. तिनं विचारलं नाही. तिनं फळ्यांवरचे पेपर काढून टाकले आणि परत अंथरले नाहीत. डबे उघड्या पत्र्यावर खडखडायचे. जेवण वाढायची, शर्टाची बटणं लावून द्यायची, भेटीच्या दिवशी तुरुंगात एकटी जायची. एकदा फक्त, काका समोर आहेत हे विसरून की काय, स्वतःशीच म्हणाली, "मीच कशाला दाखवलं मेलीनं?" काकांना वाटलं, हिनं आपल्याला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौकशीचा अहवाल आला. आरोप सिद्ध झाले नाहीत. अध्यक्षसाहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर. मालकांनी पहिल्या पानावर दिलगिरी छापली, आणि चिमटाला घरसजावटीच्या पुरवणीत टाकली. पडद्यांचे रंग कसे निवडावेत यावर एक लेख लिहून तिनं राजीनामा दिला. जाताना काकांपाशी आली. म्हणाली, "काका, मला माफ करा." काका म्हणाले, "अगं, तू तर खरं लिहिलंस." यावर ती रडली.

वर्ष फिरलं आणि जाळण्याचा दिवस आला. काकांनी संपादकांना सांगितलं, "यंदा दुसऱ्याला पाठवा."

"अहो काका, तुम्ही नाही गेलात तर आपल्या मनात अढी आहे असं दिसेल. जा, एक फोटो, लगेच परत."

भट्टीवर नवे अध्यक्ष होते. तरुण, हसरे. जमिनीवर चुन्याची पांढरी रेघ मारली होती आणि पत्रकारांनी तिच्या अलीकडे राहायचं होतं. पलीकडे थप्पी होती. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, लांबची लेन्स फिरवली. तीच लेन्स, जुन्या बाजारातून परत आणलेली. एकेक गोणी बघत गेले. सगळ्या गोण्या कोऱ्या करकरीत होत्या. एका मापाच्या, खात्याचा शिक्का छापलेल्या, तोंडं मशीननं शिवलेल्या. ठिगळ सोडा, एक धागा सुटलेला नव्हता.

"यंदा मी आग लागेपर्यंत राहतो साहेब," काका म्हणाले.

"नाही काका, नवा नियम आहे. पेटवायच्या आत पत्रकारांनी आवार सोडायचं, त्यांच्या तब्येतीसाठी. धुराचा त्रास होतो, असं तुम्हीच जबाबात सांगितलंत ना? तुमच्या जबाबावरूनच केलाय." साहेब हे टोमणा म्हणून बोलत नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होतं की काकांना बरं वाटेल.

थप्पीशेजारी टेबलावर निकाल लागलेल्या खटल्यांचा किरकोळ माल मांडला होता. एका पारदर्शक पिशवीत मुठीएवढी पुडी, पिशवीला चिठ्ठी. लेन्समधून चिठ्ठीवरचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. पुडीच्या कडेला लाल ठिपकाही दिसत होता. काका रेघ ओलांडून पुढं गेले. शिपाई आडवा आला.

"साहेब, ती पुडी राहू द्या. त्याचं अपील करायचंय. ती परत तपासायची आहे."

साहेबांनी चिठ्ठी पाहिली, मग काकांच्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं हसू मावळलं. "निकाल लागलाय काका. आदेश आहे. माझ्या हातात नाही हो."

"साहेब, पाया पडतो. माझा भाचा आहे."

"सगळे उभे आहेत काका. फोटो घ्या."

समिती ओळीनं उभी होती. मास्क हनुवटीवर ओढलेले, हात गोण्यांवर. सगळे चेहरे कॅमेऱ्याकडे. काका रेघेच्या अलीकडे आले आणि त्यांनी फोटो काढला. सवयीनं सगळे तसेच थांबले. "अजून एक ना?" कुणीतरी विचारलं. काकांनी नकारार्थी मान हलवली आणि कॅमेरा पिशवीत ठेवला.

चहा न घेता ते फाटकाबाहेर रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. बाकीचे पत्रकार गेले. बऱ्याच वेळानं धुराड्यातून धुराची एक बारीक रेघ वर आली आणि लगेच विरली. तेवढ्या गोण्यांचा धूर एवढासा नसतो, हे काकांना आता न सांगता कळत होतं. एवढा धूर एखाद्या पुडीचा. इतक्या वर्षांत त्या समितीनं खरोखर काही जाळलं असेल, तर ते हेच.

ऑफिसात त्यांनी डेस्कवर सांगितलं, "खाली नुसतं 'भट्टीपाशी नाश समितीचे सदस्य' लिहा." डेस्कवरचा माणूस हो म्हणाला. सकाळी पेपर आला तेव्हा फोटोखाली जुनीच ओळ होती, त्याच टाईपात.

बहिणीनं तो पेपर उघडला. कितीतरी दिवसांनी तिनं घरात पेपर हातात धरला होता. चष्मा चढवून, पेपर खिडकीच्या उजेडात तिरका धरून ती फोटोतली एकेक गोणी बोटानं चाचपत गेली.

"ह्यात ती नाही," ती म्हणाली.

"नाही. नव्या आणल्यात."

"सगळ्या?"

"सगळ्या."

तिनं अजून एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. आवाज न चढवता म्हणाली, "म्हणजे माझं पोर देऊन त्यांना नव्या गोण्या आणून दिल्या आपण."

तिनं पेपराची घडी केली, रद्दीत टाकली आणि मशीनवर अर्धवट राहिलेला कुणाचा तरी पायजमा पुढं ओढला.